रोज परत येणारं डोकं

"आजही आलं का?" चुलीपुढून मान न वळवता अराबाने विचारलं.

"आलं बाई," भांड्याची ने-आण करणारी ओफोरिवा मावशी म्हणाली आणि डोक्यावरचं झाकणाचं भांडं तिने अलगद खाली उतरवलं.

अराबाने झाकण उचललं. कांडलेल्या कंदांच्या फुफूचा गोळा संपला होता. पामच्या फळांचा लाल रस्सा बोटांनी निपटून काढलेला होता, माशाचे तुकडेही गेले होते. आणि भांड्याच्या मधोमध, जसं पाठवलं तसंच, माशाचं मोठं डोकं बसलं होतं. त्याला कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

"घे, तूच खा."

"मी? अगं, मी कशाला..." मावशी रोज हे असंच म्हणायची, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत भांडं मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली असायची. म्हातारीचे दात चारच उरले होते, पण त्या चार दातांनी ती माशाचं डोकं असं काही सोलायची की मांजराने बघून शिकावं.

अराबाने कोळशाचा तुकडा उचलला आणि चुलीमागच्या भिंतीवर आणखी एक रेघ ओढली. एकोणतिसावी.

अबुरानाला, म्हणजे समुद्रकाठच्या तिच्या गावी, लहान पोरालाही ठाऊक असतं की माशाचं डोकं घरच्या कर्त्या पुरुषाचं. बायको ते सगळ्यात वर ठेवते आणि नवरा ते हाडापर्यंत साफ करतो. त्याने ते साफ केलं की बोलण्यासारखं काही उरत नाही, संसार नीट चाललाय. आणि त्याने ते तसंच परत धाडलं, तर त्याचाही अर्थ एकच. अराबाच्या धाकट्या मावशीच्या नवऱ्याने लागोपाठ तीन दिवस डोकं परत पाठवलं होतं. चौथ्या दिवशी मावशीने आपली चटई गुंडाळली आणि ती आईकडे निघून आली. का आलीस म्हणून तिला कुणी विचारलंसुद्धा नाही, विचारायचं काय त्यात?

त्या मावशीला तीन डोकी पुरली होती. अराबाला एकोणतीस मिळाली होती, तीही राजाकडून.

हे लग्न जमवलं राजमातेने. राजमाता म्हणजे राजाची आत्या नव्हे, आईही नव्हे, थोरली मावशी. पण बोन्सुआसे गावात राजाच्या खालोखाल शब्द तिचा, आणि खरं सांगायचं तर खालोखालही नाही. ती कुणाच्या तरी अंत्ययात्रेला किनाऱ्यावर आली होती. तिथे लॉरीच्या ड्रायव्हरने माशांच्या टोपलीवर टायर घातला म्हणून एक मुलगी त्याला भर रस्त्यात झोडपत होती. हाताने नाही, तोंडाने. राजमातेने छत्री बाजूला सारून ते नीट ऐकलं आणि म्हणाली, "हीच." पंधरा दिवसांत दारूच्या बाटल्या अराबाच्या घरी पोचल्या, मामांनी त्या स्वीकारल्या, आणि बाटलीचं बूच उघडलं म्हणजे लग्न ठरलंच.

राजाला तिने पहिल्यांदा पाहिलं ते भर दरबारात. नाना अमोआको तीन वर्षांपूर्वी कुमासी शहरात भूगोलाचे मास्तर होते. फळ्यावर नाईल नदी काढत असताना गावचे म्हातारे वर्गात शिरले आणि त्यांना उचलून घेऊन आले, राजा करायला. नदी अर्धीच राहिली, असं लोक अजून सांगतात. तर त्या दिवशी ते मोठ्या छत्रीखाली बसले होते. हातात सोन्याची एवढी जड कडी की दोन माणसांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. चेहरा दगडाचा. देवा, हा तर पुतळा आहे, अराबाला वाटलं, आता जन्मभर या पुतळ्याला जेवू घालायचं.

मग तिचं लक्ष खाली गेलं. राजाचा डावा पाय ढोलावर ताल धरत होता. चुकीचा ताल. जिथे पडायला हवा तिथे तो कधीच पडत नव्हता, आणि तरी मोठ्या मजेत चालला होता. अराबाने लुगड्याचा पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने शिट्टी ऐकली. बायकांच्या अंगणाची आणि राजाच्या आतल्या चौकाची भिंत एकच. पलीकडे कुणीतरी नाचाच्या बँडचं एक गाणं शिट्टीवर वाजवत होतं, आणि तिसऱ्या ओळीला दर वेळी घसरत होतं. राजाने शिट्टी वाजवायची नसते, म्हणून ती अगदी दबक्या आवाजात होती. पहिल्या आठवड्यात अराबा नुसती हसली. दुसऱ्या आठवड्यात तिचं मुसळ त्या गाण्यावर पडू लागलं आणि तिसऱ्या ओळीला ती आपल्याशीच बरोबर सूर पुटपुटू लागली. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस शिट्टी वाजलीच नाही. राजाला सर्दी झाली होती म्हणे, पण अराबाला दिवसभर काही सुचेना, तिने रश्श्यात दोनदा मीठ टाकलं. तेव्हा तिला कळलं की आपण या माणसावर जीव लावून बसलोय. ज्याच्याशी लग्न झालंय त्याच्यावरच जीव जडणं म्हणजे काही गुन्हा नव्हे. पण तोच माणूस रोज संध्याकाळी डोकं परत पाठवत होता, त्याला काय म्हणावं?

तो तिच्या खोलीकडे एकदाही फिरकला नव्हता. तिलाही कुणी आत बोलावलं नव्हतं.

"मावशी," तिने त्या दिवशी विचारलं, "नाना काही म्हणतात का गं? भांडं परत देताना?"

मावशीने माशाचा डोळा चोखता चोखता तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत थोडी कीव होती, थोडं कोडं होतं. "राजे लोक काय म्हणणार? ते बघतात. भांडं आणायला कोण आलंय ते बघतात, मग मान खाली घालतात."

"माझ्याबद्दल काही?"

"त्याबद्दल मी बोलायचं नाही पोरी. माझी जीभ झडेल," मावशी म्हणाली आणि त्या जिभेने तिने बोटं साफ केली.

*

मंगळवारी अराबा दरबारात गेली. बायकोला काही मागायचं असेल तर मंगळवार. राजा सहा पावलांवर बसला होता, पण राजाशी थेट बोलायचं नसतं. मध्ये ओच्यामे असतो. ओच्यामे म्हणजे राजाचं तोंड आणि राजाचे कान. बोलणाऱ्याने त्याला सांगायचं, त्याने ते सजवून राजाला सांगायचं, आणि राजाचं उत्तर आणखी सजवून परत द्यायचं. बोन्सुआसेचा ओच्यामे बादूकाका. तो हे काम चाळीस वर्षं करत होता. सोन्याच्या मुठीची काठी हातात घेतली की साधं वाक्य त्याच्या घशातच अडकायचं.

"काका, नानांना विचारा," अराबा म्हणाली, "माझ्या स्वयंपाकात काही कमी पडतंय का?"

बादूकाकाने खाकरून घसा साफ केला. "नाना! हत्तींना वाट देणारे नाना! समुद्राची लेक, लाटांची भाची, मिठाच्या वाऱ्यावर वाढलेली अराबा आपल्या पायांशी विचारते आहे की तिच्या चुलीचा धूर सिंहासनापर्यंत सुगंध घेऊन येतो, की वाटेतच वाट चुकतो?"

राजाने सगळं आधीच ऐकलं होतं, तो बहिरा नव्हता. त्याने अराबाकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. राजाने चारचौघांत खाण्याबद्दल बोलायचं नसतं, राजाला भूक लागत नसते. त्याने हातातलं कडं दोनदा फिरवलं. मग वाकून बादूकाकाच्या कानात काहीतरी पुटपुटला. दोन शब्द असतील, फार तर तीन.

बादूकाका सावकाश वळला. त्याच्या चेहऱ्यावर मोठा आनंद होता. "नाना म्हणतात, अरण्य उभं आहे. अरण्याला घाई नाही. अरण्य पानं मोजत नाही, पावलं मोजतं. पण रविवारी अक्वासिदाएचा नगारा वाजला, की अरण्यही मान वळवतं!"

दरबारातले म्हातारे माना डोलवत 'वा, वा' करू लागले. अराबा खाली मान घालून निघाली. तिच्या कानात एकच शब्द उरला होता, रविवार. दर सहा आठवड्यांनी येणारा अक्वासिदाएचा सण या रविवारी होता. तोवर मुदत, मग मान वळवणार. बायकोकडे पाठ फिरवायला राजे लोक एवढी फुलं वाहतात, तिला वाटलं.

शुक्रवारी तिने राजमातेच्या अंगणात पाहिलं तर दोन नवी कापडं घडी घालून ठेवली होती, पितळेची एक मोठी परात घासून चकचकीत केली होती, आणि खुंटाला एक मेंढा बांधला होता. मेंढ्याच्या गळ्यात लाल फीत होती.

"हे काय चाललंय?" तिने ओफोरिवा मावशीला बाजूला ओढून विचारलं.

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. "तुझ्यासाठीच आहे बाई. सोमवारी सकाळी लॉरी यायचीये. तुला मानाने घरी पोचवायचं ठरलंय. राजमाता म्हणाल्या, कुणावर जबरदस्ती नको. मन नाही तर नाही."

"असं म्हणाल्या? मन नाही तर नाही?"

"हो गं. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, असं होतं कधी कधी. या गावात आजपर्यंत दोनदा झालंय." मावशीने सुस्कारा सोडला. तो राजासाठी होता की सोमवारनंतर न मिळणाऱ्या डोक्यांसाठी, हे सांगणं कठीण. "मला मात्र तुझी सवय झाली होती."

अराबा आपल्या चुलीपाशी येऊन मिरच्या वाटायला बसली आणि मनसोक्त रडली. मिरच्या वाटताना रडलं की कुणाला कारण सांगावं लागत नाही. बिचाऱ्या नानांवर जबरदस्ती नको! राजमातेने आणलेली बायको गळ्यात पडली, त्यांनी सभ्यपणाने महिनाभर जेवण गिळलं, आणि रोज तेवढं एक डोकं बाजूला ठेवून सांगत राहिले की बाई, समज. आणि ती मूर्खासारखी शिट्टी ऐकत बसली होती.

रडून झाल्यावर तिला राग आला. तिच्या घराण्यात बायकांना राग उशिरा येतो, पण आला की बैठक मारून बसतो. तिची आई बंदरावर माशांना धुरी देऊन ते विकते, आणि तिच्याकडून घेतलेला मासा आजवर एकाही माईच्या लालाने परत केलेला नाही. ही त्या आईची लेक. जायचं तर जाईन, तिने ठरवलं, चटई गुंडाळायला मला दोन मिनिटं लागतात. पण शेवटचं डोकं मावशीच्या हाती परत येणार नाही. ते मी स्वतः नेईन, त्याच्यापुढे ठेवीन, आणि ते नको म्हणताना त्याला माझ्या तोंडाकडे बघावं लागेल.

शनिवारच्या लॉरीने आईने मासे पाठवले. त्यातला सगळ्यात मोठा तिने निवडला.

*

रविवारी सकाळपासून नगारे वाजले, राजाची पालखी फिरली, छत्र्या नाचल्या. अराबाने त्यातलं काही पाहिलं नाही. ती रस्सा ढवळत होती. इतका सुरेख रस्सा तिच्या हातून आजवर उतरला नव्हता, आणि त्याचाही तिला राग आला. ऊन कलायच्या वेळेला तिने भांडं भरलं, डोकं बरोबर मधोमध ठेवलं, झाकण लावून वर फडकं बांधलं.

ओफोरिवा मावशीने सवयीने हात पुढे केले.

"राहू दे," अराबा म्हणाली. "आज मी नेते."

मावशीचे हात तसेच हवेत राहिले. "कोण नेतं?"

"मी."

"तू? तू स्वतः? तुझ्या डोक्यावर?"

"मग काय मेंढ्याच्या डोक्यावर? सरक."

मावशी सरकली नाही, ती पळाली. सत्तरीच्या बाईने एवढं पळू नये. एका हाताने लुगडं सावरत, दुसरा हात वर करून, "नेतेय! नेतेय! ती स्वतः नेतेय!" असं ओरडत ती अंगणाबाहेर गेली. जा, सांग त्यांना, दारं लावून घ्या म्हणावं, अराबा मनात म्हणाली आणि भांडं डोक्यावर घेऊन निघाली.

पहिल्या चौकात फुफू कांडणाऱ्या बायकांची मुसळं थांबली. दुसऱ्या चौकात कुणीतरी किंचाळलं, आणि बायका घराघरांतून पांढरे रुमाल हलवत बाहेर आल्या. एकीने तिच्या खांद्यावर पांढरी पूड उधळली. सकाळपासून ढोल बडवून दमलेले ढोलकरी उठून पुन्हा बडवू लागले. राजमाता सज्जात येऊन चक्क नाचायला लागली, एवढ्या वजनाची बाई! अराबाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चालले याचा एवढा आनंद? निदान उद्या लॉरी सुटेपर्यंत तरी दम धरायचा! तिने मान ताठ केली, भांडं जरासुद्धा हलू दिलं नाही, आणि तिसरा चौक ओलांडून ती राजाच्या आतल्या चौकात शिरली.

राजा चौरंगासारख्या आपल्या बुटक्या आसनावर बसला होता, भोवती दरबारातले म्हातारे. तिला पाहताच तो उभा राहिला. राजाने कुणासाठी उठायचं नसतं. शेजारचा बादूकाका एवढा दचकला की त्याची सोन्याची काठी खणकन जमिनीवर पडली. चाळीस वर्षांत ती पडली नव्हती.

त्याने ती उचलली आणि तोंड उघडलं. "समुद्राची लेक! लाटांची..."

"काका, आज तुम्ही गप्प बसा," अराबा म्हणाली.

बादूकाका खरोखरच गप्प बसला. तिने भांडं राजाच्या पायांपाशी ठेवलं, फडकं सोडलं, झाकण काढून बाजूला टाकलं. माशाचं डोकं राजाकडे बघत होतं.

"नाना, मी उद्या जाते. लॉरीही तुमची, मेंढाही तुमचा, माझी काही तक्रार नाही. पण जायच्या आधी मला तोंडावर सांगा. चौतीस दिवस मी हे तुम्हाला पाठवलं. चौतीस दिवस तुम्ही ते परत केलंत. आमच्याकडे तीन पुरतात! तुम्हाला मी नकोच होते तर पहिल्या दिवशी बाकीचं जेवण तरी का खाल्लंत? वर रोज पहाटे भिंतीशी येऊन शिट्टी वाजवायची, तीही तिसऱ्या ओळीला चुकीची! मी रोज ती दुरुस्त करत बसले, मुसळ हातात घेऊन. मला वाटायचं, ज्याला साधा सूर धरता येत नाही तो माणूस वाईट नसेल. मला तुम्ही आवडायला लागलात, आणि तुम्ही माझा मासा परत करत राहिलात. आता सांगा, काय वाईट होतं त्याच्यात?"

बाहेर ढोल चालू होते. राजाने हाताने खूण केली तसे सगळे बाहेर गेले. बादूकाका सगळ्यात शेवटी, उलट्या पावलांनी, एक कान आत ठेवून गेला.

"तू," राजा म्हणाला. अराबाने त्याचा आवाज सजावटीशिवाय पहिल्यांदाच ऐकला. तो मास्तरांचा आवाज होता, जरा घोगरा. "तू ते डोकं खात नव्हतीस?"

"मी कशाला खाऊ? ते तुमचं होतं."

"ते मी तुझ्यासाठी ठेवत होतो."

अराबाने भांड्यातल्या डोक्याकडे पाहिलं.

"बोन्सुआसेत राजाची नवी बायको आली की राजाने तिच्या भांड्यातला सगळ्यात चांगला घास तिच्यासाठी ठेवायचा," राजा सांगू लागला, फळ्यापुढे उभं राहून सांगावं तसं. "तो ठेवला, म्हणजे त्याने विचारलं. तिने तो खाल्ला आणि पुढचं भांडं स्वतःच्या डोक्यावरून आणलं, म्हणजे ती हो म्हणाली. तोवर राजाने तिच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही. आणि कुणीही, अगदी कुणीही, तिला सुचवायचं नाही, भरीला घालायचं नाही. आमच्या एका जुन्या राजमातेला मनाविरुद्ध इथे आणलं होतं, तिने पुढे हा नियम केला. अक्वासिदाएपर्यंत भांडं आलं नाही तर मुलीला मानाने परत पोचवायचं, का म्हणून विचारायचं नाही. मला कुमासीत एका किनाऱ्याकडच्या मित्राने सांगितलं होतं की तुमच्यात डोकं सगळ्यात मानाचं. म्हणून मी रोज डोकंच ठेवलं. मला वाटलं, आता तरी तिला कळेल."

"मला कुणी सांगितलंच नाही!"

"इथे चालायला लागलेल्या पोरीलाही हे माहीत असतं गं. तुला माहीत नसेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी रोज दाराकडे बघायचो, कोण भांडं आणतंय. रोज ओफोरिवा." त्याने कपाळ चोळलं. "चौतीस वेळा तू मला नाही म्हणालीस. मी मोजलंय."

"मंगळवारी तुम्ही काकांच्या कानात काय सांगितलंत?"

"वाट बघतोय म्हणून सांग, एवढंच."

"त्यांनी तर तुमचं अरण्य करून टाकलं!"

दाराबाहेर कुणीतरी खोकलं. राजा तिकडे बघून ओरडला, "बादू, ऐकतोयस ना?" आणि बाहेरून उत्तर आलं, "नाही नाना!"

मग अराबाला एक गोष्ट आठवली. "पण ते डोकं... ती सगळी डोकी मी..." तिने हाक मारली, "ओफोरिवा मावशी!"

मावशी दाराआडूनच आली, जणू तिथेच राहायला होती. ती गुडघ्यांवर बसली. "नाना, मला काय ठाऊक? ही रोज म्हणायची, तूच खा. मी म्हटलं, हिचं मन नाहीये, आणि मी काही बोलले तर नियम मोडतो. न बोलता गप्प बसायचं तर तोंडात काहीतरी हवं ना?"

राजाच्या दगडी चेहऱ्याचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि तो हसायला लागला. त्याचं हसणंही तालात नव्हतं. अराबाही हसली, पण मध्येच थांबली, कारण राजा आता हसत नव्हता.

"अराबा, एक ऐक. आज तू भांडं आणलंस ते रागाने आणलंस. तुला त्याचा अर्थ माहीत नव्हता. म्हणून ते धरायचं नाही. बादू आत्ता बाहेर जाऊन सांगेल की चूक झाली, आणि चूक आमची होती. लॉरी उद्या येईल. तुला जायचं तर तू ताठ मानेने जा. तुझ्या गावात कुणी वाकडं बोलणार नाही, ते मी बघेन."

बाहेर अख्खं गाव नाचत होतं आणि हा माणूस ते सगळं थांबवायला निघाला होता, तिला मोकळं करायला. अराबाला त्याचा एवढा राग आला आणि एवढी माया वाटली की तिने लुगड्याचा पदर कमरेला खोचला.

"मला काय हवं ते मी मघाशीच सांगितलं, सगळ्या दरबारापुढे," ती म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"

राजाला हा प्रश्न तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. गावाला काय हवं, पूर्वजांना काय हवं, सिंहासनाला काय शोभेल, हे रोज विचारायचे. त्याने एकदा भांड्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग राजाने कधीही, कुणासमोरही म्हणायचं नसतं तेच तो म्हणाला.

"मला भूक लागलीय."

ओफोरिवा मावशीने दोन्ही हात तोंडावर घेतले.

अराबा भांड्यापाशी जमिनीवर बसली. राजाही सोन्याची कडी काढून बाजूला ठेवून तिच्यासमोर बसला. तिने हात धुतले, माशाचं डोकं उचललं आणि मधोमध मोडलं. गालाचा मऊ तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि दुसऱ्या गालाचा स्वतःच्या तोंडात टाकला. तिने तो चावून गिळेपर्यंत राजा आपला तुकडा तसाच हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. तिने गिळल्यावर मग त्याने खाल्लं.

"नाना," दाराशी बादूकाका अवघडून उभा होता. "लोक विचारताहेत. काय जाहीर करू?"

"दोघं जेवताहेत म्हणून सांगा," अराबा म्हणाली. "आणि काका, तेवढंच. लाटा नकोत, अरण्य नको."

बादूकाकाचा चेहरा कष्टी झाला. तो बाहेर गेला, काठी आपटली, मोठा श्वास घेतला. आतून दोघांनी कान टवकारले. "दोघं," तो म्हणाला, आणि बराच वेळ थांबला, त्याला ते फार जड गेलं. "दोघं जेवताहेत."

त्यावर जो गलका झाला तसा त्याच्या एकाही भाषणाला झाला नव्हता.

सोमवारी सकाळी लॉरी ठरल्याप्रमाणे आली. कापडं, परात आणि लाल फितीचा मेंढा ठरल्याप्रमाणे चढवले, आणि लॉरी अराबाला न घेता अबुरानाला गेली. परातीत आईसाठी एक चिठ्ठी होती. अराबाने सांगितली होती आणि राजाने शाळामास्तरी अक्षरात स्वतः लिहिली होती.

'आई, मी बरी आहे, येत नाही. यापुढे दर लॉरीला मोठे मासे दुप्पट पाठव, म्हणजे रोज दोन डोकी होतील. एक आम्हा दोघांना पुरतं. दुसरं ओफोरिवा मावशीला हवं, तिला सवय लागली आहे.'